कै. रावबहादूर नारायणराव लोखंडे व कामगाराच्या वेतनाचा प्रश्न

वार्षिक स्मरणिकेच्या निमित्ताने आपल्या थोर पूर्वजांचे पुण्यस्मरण करावे, ही आपल्या संस्थेची जुनी प्रथा आहे. महात्मा जोतीराव फुले व सावित्रीबाई यांची चरित्रे आपल्या घराघरांत वाचली जातात. परंतु जोतीरावांच्याच शिकवणीत तयार झालेले व आपल्याच फुलमाळी कुळात जन्मलेले कै. रावबहादूर नारायणराव मेघाजी लोखंडे यांचे नाव निघाले, की रविवारच्या सुट्टीपलीकडे आपली माहिती सहसा जात नाही. गिरणी कामगारांना ती सुट्टी मिळवून देणारे म्हणून नारायणरावांना आपण ओळखतो, आणि ते योग्यच आहे. तथापि सुट्टीबरोबरच त्यांनी आणखी एक मागणी केली होती. कष्टाचे दाम ठरल्या दिवशी कामगाराच्या हातात पडावेत, अशी ती मागणी होती. त्यांच्या सर्व मागण्यांत तीच सर्वांत उशिरा फळास आली, आणि आज आपल्यापैकी पुष्कळांचा संबंध येतो तोही तिच्याशीच. म्हणून यंदा त्यांच्या चरित्राची ही बाजू वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

नारायणरावांचा जन्म १८४८ साली ठाणे येथे झाला. त्याच वर्षी जोतीरावांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. घरची परिस्थिती बेताची होती. तरीही शिक्षण मॅट्रिकपर्यंत पोचले, आणि त्या काळी आपल्या समाजातील मुलाने तेथवर मजल मारणे ही लहान गोष्ट नव्हती. आरंभी काही काळ रेल्वे व टपाल खात्यात नोकरी केल्यावर ते मुंबईत मांडवीच्या एका कापडगिरणीत भांडारपालाच्या जागेवर लागले. ही नोकरी त्यांच्या आयुष्यास वळण देणारी ठरली. कारकुनाच्या टेबलापाशी बसून त्यांना साच्यावर उभ्या असलेल्या माणसाचे जिणे दिसू लागले.

ते जिणे कसे होते, हे आजच्या तरुण वाचकांस सांगणे अवश्य आहे. कोकणातून व घाटावरून आलेला मजूर उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत गिरणीत राबे. उन्हाळ्याचे दिवस मोठे, तेव्हा कामाचे तासही वाढत. आठवड्याची सुट्टी निश्चित नव्हती. पगार महिन्याचा असे, पण महिना संपला म्हणजे तो मिळे असे नव्हे. झालेल्या कामाचे पैसे मालकाकडे अडकून राहत आणि नव्या माणसाला पहिला पगार हाती पडेपर्यंत कित्येक आठवडे उधारीवर काढावे लागत. उधारीला व्याज असे. नोकरी लावून देणाऱ्या जॉबरची दस्तुरी असे. कामात खोट निघाली की दंड कापला जाई. मालकाने रोखलेले पैसे कामगाराचेच असत. पण ते हाती येईपर्यंत तोच कामगार सावकाराकडून व्याजाने पैसे काढी.

याविरुद्ध दाद कोठे मागावी? त्या काळच्या कायद्याकडे पाहिले, तर न्यायाचा तराजू कोणीकडे झुकला होता ते कळते. १८५९ च्या कामगार करारभंग कायद्यान्वये उचल घेऊन काम सोडून जाणाऱ्या कारागिरास किंवा मजुरास मॅजिस्ट्रेटपुढे खेचता येई आणि हुकूम न पाळल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी भोगावी लागे. मजुराने शब्द मोडला तर त्याला तुरुंग होता. परंतु मजुराचे वेतन अडवणाऱ्या किंवा कापणाऱ्या गिरणीमालकास शिक्षा करणारे कलम कोठेही नव्हते. कामगाराला फार तर दिवाणी दावा लावण्याची मोकळीक होती. पण ज्याला उद्याच्या जेवणाची भ्रांत, तो वकिलाची फी कोठून आणणार? १८८१ साली हिंदुस्थानातील पहिला कारखाना कायदा झाला. त्याने लहान मुलांच्या कामाचे तास नऊवर आणले. वेतनाविषयी त्यात अवाक्षर नव्हते.

अशा वेळी नारायणरावांना आधार मिळाला तो सत्यशोधक समाजाच्या विचाराचा. जोतीरावांनी १८७३ साली हा समाज स्थापिला. ज्याच्या श्रमावर जग चालते त्यास ज्ञान व मान नाकारणे हा अधर्म होय, ही त्यांची शिकवण नारायणरावांनी गिरणीच्या दारापर्यंत नेली. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ साली पुण्यात सुरू केलेले ‘दीनबंधु’ पत्र चालविणे कठीण झाले, तेव्हा १८८० साली नारायणरावांनी ते मुंबईस आणून त्याची धुरा आपल्या शिरावर घेतली. पत्र चालविणे म्हणजे पदरमोड, हे ज्यांनी पत्र चालविले त्यांस सांगावयास नको. पण शेतकरी व कामगार यांची गाऱ्हाणी मांडणारे हक्काचे स्थान त्यामुळे निर्माण झाले.

१८८४ साली मुंबई सरकारने कारखान्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला. मालकांची बाजू मांडणारे पुष्कळ होते. कामगारांतर्फे बोलणारा कोणी नव्हता. नारायणरावांनी त्या सप्टेंबर महिन्यात परळच्या सुपारीबागेत गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. त्यात पाच मागण्या होत्या. रविवारी सुट्टी असावी. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्तास थांबावे. मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा. कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा व तो कायमचा निकामी झाल्यास त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी.

या मागण्या आज वाचताना त्यांचा सौम्यपणा मनात भरतो. वेतन वाढवून द्या, असेही त्यांत म्हटलेले नाही. जे ठरले आहे ते वेळेवर द्या, एवढेच मागणे होते. आणि १५ तारखेपर्यंत थांबण्याची तयारीही दाखविली होती. एवढीशी गोष्ट मागण्यासाठीही हजारो लोकांना सभा भरवावी लागली, यावरून त्या काळाची कल्पना यावी.

पुढे त्यांनी ‘बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन’ या नावाने कामगारांचे संघटन चालविले. या संस्थेला आजच्या युनियनसारखी सभासदांची यादी नव्हती, निधी नव्हता, लेखी नियमही नव्हते. नारायणरावांची सचोटी आणि कामगारांचा त्यांच्यावरील विश्वास हेच तिचे भांडवल होते. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली, ही गोष्ट आमच्या भगिनींनी विशेष ध्यानात ठेवावी. त्याच वर्षी १० जून रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. १८९० च्या कारखाना आयोगावर मुंबईच्या कामगारांच्या वतीने बसण्याचा मानही नारायणरावांस मिळाला.

त्यांचे कार्य गिरणीपुरते नव्हते. विधवांच्या केशवपनाच्या अमानुष रूढीत आपण हात घालणार नाही, असा निर्धार नाभिक बांधवांनी करावा यासाठी त्यांनी पुढाकार घेतला. १८९३ साली मुंबईत हिंदु-मुसलमानांचा दंगा झाला, तेव्हा शांतता प्रस्थापित करण्यासाठी त्यांनी परिश्रम घेतले. रावबहादूर व जे. पी. हे बहुमान त्यांस लाभले. १८९६ साली मुंबईत प्लेगने थैमान घातले. अनेकांनी शहर सोडले. नारायणराव मात्र रोग्यांच्या शुश्रूषेसाठी मागे राहिले, आणि त्याच रोगाने फेब्रुवारी १८९७ मध्ये त्यांचे देहावसान झाले. त्या समयी त्यांनी वयाची पन्नाशीही गाठली नव्हती.

आता त्यांच्या मागण्यांचे पुढे काय झाले ते पाहू. सुट्टी आणि अर्ध्या तासाची विश्रांती १८९१ च्या कारखाना कायद्यात आली. गिरण्यांतील प्रौढ पुरुषांच्या तासांवर मर्यादा १९११ च्या कायद्याने घातली. जखमी कामगारास भरपाई देणारा कायदा १९२३ साली झाला. मजुराला तुरुंग दाखविणारा १८५९ चा कायदा रद्द करण्याचे ठरले ते १९२५ साली. वेतनाची मागणी मात्र तशीच पडून राहिली. विसाव्या शतकातही मुंबईच्या गिरण्यांत एक दिवस खाडा झाला की दोन दिवसांची मजुरी कापण्याची चाल होती. तिला डबल खाडा म्हणत. बिघडलेले कापड विणकराच्या गळ्यात मारून त्याची किंमत पगारातून वळती करीत.

अखेर रॉयल कमिशनच्या शिफारशींनंतर १९३६ साली वेतन प्रदान कायदा झाला व २८ मार्च १९३७ पासून तो अमलात आला. नारायणरावांच्या मृत्यूस तेव्हा चाळीस वर्षे लोटली होती आणि सुपारीबागेतील अर्जास बावन्न. एक हजाराहून कमी कामगारांच्या कारखान्यात सातव्या दिवसाच्या आत व मोठ्या कारखान्यात दहाव्या दिवसाच्या आत पगार द्यावा, दंड रुपयामागे अर्ध्या आण्याहून अधिक नसावा व दंडाची रक्कम कामगारांच्याच हितासाठी खर्चावी, असे ठरले. गैर कपात केल्यास मूळ रक्कम तर द्यावीच, शिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाईही द्यावी, अशी तरतूद झाली. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूरमंत्री असताना एप्रिल १९४६ मध्ये किमान वेतनाचे विधेयक मांडले गेले व १९४८ साली कायदा झाला. ठरलेल्या किमान दरापेक्षा कमी मजुरी देणाऱ्या मालकास त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद, पाचशे रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या होत्या. १८५९ साली तुरुंगाचे दार मजुरासाठी उघडे होते. नव्वद वर्षांनी ते मालकासाठीही उघडले. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने तर किमान वेतनाहून कमी मोबदल्यात करवून घेतलेले काम ही राज्यघटनेने निषिद्ध केलेली वेठच होय, असा निर्णय दिला.

हे दोन्ही कायदे आता २०१९ च्या वेतन संहितेत विलीन झाले असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. देय वेतनापेक्षा कमी रक्कम देणाऱ्यास तीत पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. पाच वर्षांच्या आत तोच अपराध पुन्हा सिद्ध झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. दंड वाढला, परंतु पहिल्याच अपराधाला कैदेची जी भीती होती ती उरली नाही, याची नोंद घेणे भाग आहे. दहापट भरपाईची तरतूद कायम आहे. मासिक पगार पुढील महिन्याच्या सातव्या दिवसाच्या आत द्यावयाचा असतो. कामगाराने तक्रार केली तर पैसे दिल्याचा पुरावा मालकाने द्यावयाचा आहे. कामगारास दाव्यासाठी तीन वर्षांची मुदत आहे.

हा तपशील आम्ही हेतुपुरस्सर दिला आहे. नारायणरावांच्या काळी आपला समाज बहुतांशी राबणाऱ्यांचा होता. आज ईश्वरकृपेने व पूर्वजांच्या कष्टाने आपल्यांत बागाईतदार आहेत, रोपवाटिकांचे मालक आहेत, फुलबाजारातील आडते आहेत, कंत्राटदार व कारखानदार आहेत. म्हणजे आपल्यापैकी पुष्कळांच्या हाताखाली आता दुसऱ्याचा मुलगा, दुसऱ्याची लेक राबते. मळ्यात खुरपणीस येणाऱ्या बाईची मजुरी पुरुषाहून कमी धरणे, पोराने कुंडी फोडली म्हणून आठवड्याचा पगार कापणे, सणापर्यंत थांब असे सांगून मागची बाकी अडकवून ठेवणे, या गोष्टी आपल्यांत मुळीच होत नाहीत असे छातीस हात लावून किती जण म्हणू शकतील? ‘घरच्यासारखाच आहे’ असे म्हणून गड्याचे दाम बुडविता येत नाहीत. कायदा ते मानीत नाही, आणि नारायणरावांनीही ते मानले नसते.

भारत सरकारने २००५ साली नारायणरावांच्या स्मरणार्थ टपालतिकीट काढले. परळच्या श्रमविज्ञान संस्थेस त्यांचे नाव आहे. हे सर्व भूषणावह आहे. परंतु त्यांचे खरे स्मारक प्रत्येक मालकाच्या हजेरीपटात व पगारपत्रकात व्हावे, अशी आमची नम्र विनंती आहे. आपल्या समाजातील प्रत्येक धनी कुटुंबाने सात तारखेच्या आत, पुऱ्या दराने, सही घेऊन मजुरी चुकती करण्याचा नेम धरावा. आणि आपले जे बंधुभगिनी आजही दुसऱ्याकडे चाकरीस आहेत, त्यांनी आपला हक्क कोणता हे जाणून घ्यावे व भीड न बाळगता तो मागावा. सुपारीबागेत ज्या ५,५०० जणांनी अर्जावर आपली नावे घातली, त्यांचे ऋण फेडण्याचा याहून सोपा मार्ग आम्हांस तरी दिसत नाही.