राउटरवरचा ‘हर्ट्झ’ नेमका कोण होता?

घरी पहिल्यांदा राउटर जोडला तेव्हा मी तो थेट लोखंडी कपाटावर ठेवला. उंच जागा, वायरही तिथपर्यंत पुरत होती. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकून सेटिंग उघडलं, पासवर्ड बदलला, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशी दोन नेटवर्कं दिसली. दिवे सगळे हिरवे. पण आतल्या खोलीत ५ गिगाहर्ट्झवालं नाव सारखं यायचं आणि गायब व्हायचं.

इंजिनिअरिंगची चार वर्षं मी उत्तरापुढे ‘हर्ट्झ’ लिहून मार्क मिळवले. हे एका माणसाचं आडनाव आहे, याकडे कधी लक्षच गेलं नाही.

हाइनरिख हर्ट्झ, जन्म १८५७, जर्मनीतलं हॅम्बुर्ग शहर. वडील वकील. पोरगा इंजिनिअरिंगला गेला, पण मन रमेना. १८७७ मध्ये म्युनिकहून त्याने घरी पत्र लिहिलं, की मला हे सोडून भौतिकशास्त्र शिकायचंय. (असं घरी सांगायला काय लागतं ते तुम्हाला माहितीये!) वडिलांनी होकार दिला. पुढे बर्लिनला हेल्महोल्ट्झ यांच्या हाताखाली तो शिकला आणि १८८० मध्ये डॉक्टरेट घेतली.

तेव्हा मॅक्सवेलची समीकरणं सांगत होती, की विजेच्या लहरी हवेतून प्रकाशाच्या वेगाने जाऊ शकतात. पण हे होतं कागदावर. कार्ल्सरूहच्या कॉलेजात प्राध्यापक असताना हर्ट्झने दोन धातूच्या गोळ्यांमध्ये ठिणग्या पाडल्या आणि थोड्या अंतरावर तारेचं एक कडं धरलं. कड्यात बारीकशी फट. मध्ये वायर नाही, काही नाही, तरी त्या फटीत ठिणगी उडाली! इतकी बारीक, की ती बघायला अंधार लागायचा.

१८८८ मध्ये त्याने या लहरींपुढे वेगवेगळ्या गोष्टी आणून बघितल्या. मध्ये लाकडी दार बंद असलं तरी पलीकडच्या खोलीत ठिणग्या पडत होत्या. धातूचा पत्रा आडवा आला की बंद. पत्र्यावरून लहर परत फिरायची, आरशावरून उजेड फिरतो तशी.

इथवर वाचलं आणि मी उठून राउटर कपाटावरून काढला. पॅसेजमधल्या लाकडी फळीवर मोकळा ठेवला, आणि आतल्या खोलीत रेंज टिकायला लागली. ५ गिगाहर्ट्झची लहर साधारण ६ सेंटीमीटरची, २.४ ची साडेबारा. ५ वाल्याला वेग जास्त, पण भिंतींपुढे ती लवकर दमते. म्हणून राउटर लोखंडी कपाट, फ्रिज, मोठा आरसा यांच्यापासून लांब ठेवा.

गंमत म्हणजे हर्ट्झला स्वतःला यात काही उपयोग दिसला नव्हता. एका इंजिनिअरने त्याला विचारलं होतं, की या लहरींवरून टेलिफोन चालेल का? त्याने हिशोब केला आणि नाही म्हणून कळवलं. हिशोब चुकीचा नव्हता. फक्त आवाज उंच फ्रिक्वेन्सीच्या पाठीवर बसवून पाठवता येतो, हे अजून कुणाला सुचायचं होतं.

ते बघायला तो उरला नाही. दुखणं १८९२ पासून मागे लागलं, ऑपरेशनं झाली, आणि १ जानेवारी १८९४ रोजी बॉनमध्ये तो गेला. वय ३६. मागे बायको आणि दोन लहान मुली. वडिलांचं घराणं मूळचं ज्यू, त्यामुळे हिटलरच्या काळात त्या तिघींना जर्मनी सोडून इंग्लंडला जावं लागलं. त्याचं नाव मात्र १९६० मध्ये जगाच्या अधिकृत एककांमध्ये गेलं.

मी ५ गिगाहर्ट्झवाल्या नेटवर्कला ‘हाइनरिख’ नाव दिलंय. आई म्हणते, हे कसलं नाव, आणि २.४ वरच मालिका बघते.