पाळवणकर बाळू

धारवाडास १८७६ साली जन्मलेले क्रिकेटपटू पाळवणकर बाळू आपल्या मुलांस ठाऊक असावेत, असे आम्हांस वाटते. पुण्यात युरोपियनांच्या क्लबात दरमहा ४ रुपयांवर मैदान राखता राखता ते साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करीत. त्यांची डावखुरी फिरकी तेथेच घोटली गेली. पुढे पुण्याच्या हिंदू क्लबाने त्यांना संघात घेतले. परंतु ते चर्मकार समाजातील. म्हणून त्यांचा चहा बाहेर, मातीच्या भांड्यात! एकाच चेंडूस सर्वांचे हात लागत, त्याचा विटाळ मात्र नव्हता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी सर्व सामन्यांत मिळून ११४ बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांस लाभले नाही. १९२३ साली ते त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले.