श्रमाची शाळा : अण्णा भाऊ साठे

प्रस्तावना

आपणांपैकी अनेक जण नोकरी किंवा कष्टाचे काम सांभाळून हा अभ्यासक्रम पूर्ण करीत आहेत. कामात गेलेले तास अभ्यासातून वजा झाले, असे वाटणे स्वाभाविक आहे. अण्णा भाऊ साठे यांचे चरित्र या समजुतीचा फेरविचार करावयास लावते.

जडणघडण

तुकाराम भाऊराव साठे ऊर्फ अण्णा भाऊ यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी आजच्या सांगली जिल्ह्यातील वाटेगाव येथे मातंग कुटुंबात झाला. शाळेशी त्यांचा संबंध जेमतेम दीड दिवसाचा. पोटासाठी हे कुटुंब पायी मुंबईस आले. तेथे अण्णा भाऊंनी कोळसा उचलला, हमाली केली, गिरणीत झाडूवाल्याचे काम केले. दुकानांच्या पाट्या आणि चित्रपटांची भित्तिपत्रके वाचत ते अक्षरे शिकले. मात्र केवळ कष्टांमुळे कोणी लेखक होत नाही. माटुंग्याच्या लेबर कॅम्पमधील कार्यकर्त्यांचा सहवास आणि कामगार चळवळ यांमुळे त्यांच्या अनुभवाला विचारांची बैठक लाभली. १९४४ मध्ये अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. गावाकडून आणलेला तमाशाचा बाज कामगारांच्या प्रश्नांना भिडला आणि त्यातून त्यांचे लोकनाट्य आकारास आले.

अनुभवाचे वाङ्मयीन रूप

पुढे दीर्घकाळ त्यांचे वास्तव्य घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत होते. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फकिरा’ या कादंबरीला १९६१ मध्ये राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. वारणेचे खोरे हा त्यांच्या लेखनाचा एक काठ, तर मुंबईची उपनगरी वस्ती हा दुसरा.

‘स्मशानातील सोने’ या कथेत हे दोन्ही काठ एकत्र येतात. वारणाकाठचा भीमा उपनगरातील खाणीत दगड फोडून संसार चालवतो. खाण बंद पडते आणि त्याच्या बलदंड हातांना काम उरत नाही. प्रेतांच्या राखेत, पुढे पुरलेल्या प्रेतांच्या अंगावर तो सोने शोधू लागतो. एका रात्री त्याची बोटे प्रेताच्या जबड्यात अडकतात व ती गमवावी लागतात. त्यानंतर खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. पण डोंगर फोडणारी बोटे आता नसतात. खाणीचे काम खडतर होते, तरी त्यात माणूसपण शाबूत होते. काम हिरावले गेले की माणूस कोठवर ढकलला जातो, हे अण्णा भाऊ उपदेशाचा एक शब्दही न उच्चारता दाखवतात.

समारोप

१९५८ मध्ये मुंबईतील पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन करताना त्यांनी पृथ्वीचा भार कष्टकरी व दलितांच्या हातांवर तोलला असल्याचा विचार मांडला. या विचारामागे त्यांच्या स्वतःच्या हातांची साक्ष होती. कष्टांनी त्यांना साहित्य दिले, सुबत्ता दिली नाही. अखेरचे दिवस हलाखीत काढून १८ जुलै १९६९ रोजी गोरेगाव येथे त्यांचे निधन झाले. म्हणूनच त्यांचे दारिद्र्य गौरवू नये; त्या दारिद्र्यातही जागी राहिलेली त्यांची दृष्टी अभ्यासावी.

स्वाध्याय

आपल्या कामाच्या ठिकाणी रोज दिसणाऱ्या एका हालचालीचे दहा ओळींत वर्णन करा. ती करणाऱ्या व्यक्तीविषयी त्यातून काय उमगते, ते लिहा.