जोसेफ लिस्टर

खेळताना तुमचा गुडघा फुटला तर आई काय करते? ती जखम धुते आणि तिला औषध लावते. जखम अस्वच्छ राहिली तर ती चिघळते, हे तुम्हांला माहीत आहे. परंतु १८६० च्या सुमारास मोठमोठ्या डॉक्टरांनाही त्याचे खरे कारण ठाऊक नव्हते. ते ओळखून त्यावर उपाय शोधणारे शल्यचिकित्सक म्हणजे जोसेफ लिस्टर.

लिस्टर यांचा जन्म ५ एप्रिल १८२७ रोजी इंग्लंडमधील अप्टन या गावी झाला. त्यांच्या वडिलांनी सूक्ष्मदर्शकात मोठी सुधारणा केली होती. त्यामुळे डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टी पाहण्याची आवड मुलाला घरातच लागली.

लिस्टर लंडनला वैद्यकीय शिक्षण घेत होते. १८५१ साली एका रात्री पोटात चाकू लागलेल्या एका स्त्रीला रुग्णालयात आणले. तिचे आतडे बाहेर आले होते आणि ते कापलेही गेले होते. तरुण लिस्टर घाबरले नाहीत. त्यांनी आतडे कोमट पाण्याने धुतले, रेशमी धाग्याने शिवले आणि पुन्हा पोटात ठेवले. ती स्त्री वाचली.

पण असे यश क्वचितच मिळे. डॉक्टर हात न धुता एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जात. रक्ताने माखलेला कोट तसाच वापरत. ग्लासगो येथे १८६४ ते १८६६ या काळात लिस्टर यांच्या ज्या ३५ रुग्णांचा हात किंवा पाय कापावा लागला, त्यांपैकी १६ दगावले. दूषित हवेमुळे जखम चिघळते, असा लोकांचा समज होता. लिस्टर यांना मात्र तो पटत नव्हता.

१८६५ साली त्यांनी लुई पाश्चर यांचे संशोधन वाचले. पदार्थ जंतूंमुळे कुजतात, हे पाश्चर यांनी दाखवले होते. मग जखमही जंतूंमुळेच कुजत असेल! कार्लाइल शहरात सांडपाण्याची दुर्गंधी घालवण्यासाठी कार्बोलिक आम्ल वापरत. लिस्टर यांनी तेच निवडले. १२ ऑगस्ट १८६५ रोजी गाडीखाली पाय मोडलेला ११ वर्षांचा मुलगा त्यांच्याकडे आला. हाड मोडून कातडीलाही जखम झाली होती. अशा वेळी पाय कापावा लागे, नाहीतर जीव जाई. लिस्टर यांनी जखमेवर कार्बोलिक आम्लात भिजवलेली पट्टी बांधली. सुमारे सहा आठवड्यांत हाड जुळून आले. पाय वाचला!

पुढच्या ४० रुग्णांपैकी फक्त ६ दगावले. तरीही अनेक डॉक्टरांनी त्यांची थट्टा केली. लिस्टर शांतपणे काम करत राहिले. १९०२ साली राजा सातवा एडवर्ड यांच्या आंत्रपुच्छाच्या विकारावर पोट उघडून शस्त्रक्रिया झाली. तेव्हा सल्ला देणाऱ्या डॉक्टरांत ७५ वर्षांचे लिस्टर होते. राजा बरा झाला. १० फेब्रुवारी १९१२ रोजी लिस्टर यांचे निधन झाले.

मित्रांनो, आपल्या आतड्यातच असंख्य जंतू असतात. ते पोटात सांडू नयेत म्हणून आतड्याच्या शस्त्रक्रियेत डॉक्टर फार जपतात. हात धुतात, वाफेने निर्जंतुक केलेली हत्यारे वापरतात, आधीच जंतुनाशक औषध देतात. आतडे शिवून झाल्यावर पोट बंद करण्यापूर्वी अनेक ठिकाणी हातमोजे आणि हत्यारेही बदलतात. कार्बोलिक आम्ल मागे पडले, पण लिस्टर यांचा विचार टिकला. तुम्हीही रुग्णाला भेटायला जाल, तेव्हा आधी साबणाने हात धुवा.