पाचगणीचा फ्रेडी

फ्रेडी मर्क्युरी म्हटलं की लोकांना लंडन आठवतं. मला पाचगणी आठवते.

त्याचं मूळ नाव फारुख बलसारा. ५ सप्टेंबर १९४६ ला झांझिबारमध्ये एका पारशी घरात तो जन्मला. आठ वर्षांचा असताना आई-वडिलांनी त्याला शिकायला इकडे पाठवलं, पाचगणीच्या सेंट पीटर्स बोर्डिंगमध्ये. तिथे तो पियानो शिकला, शाळेच्या कॉयरमध्ये गायला आणि मित्रांबरोबर ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. फ्रेडी हे नावही तिथलंच.

१९६४ मध्ये झांझिबारला क्रांती झाली आणि बलसारा कुटुंब सगळं मागे टाकून इंग्लंडला गेलं. फ्रेडी तिथे आर्ट कॉलेजात शिकला. १९७० मध्ये ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांच्याबरोबर त्याने ‘क्वीन’ सुरू केला. पुढच्या वर्षी जॉन डीकन आला.

१९७५ चं ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ फ्रेडीनेच लिहिलं. जवळजवळ सहा मिनिटांचं गाणं आणि ध्रुवपद नाहीच! आधी संथ सुरुवात, मग ऑपेरा, मग दणदणीत रॉक. शब्दांत इटालियन नाटकातलं पात्र आहे, तसाच अरबी प्रार्थनेतला शब्दही. एवढं लांब गाणं रेडिओवर लावणार कोण, अशी कंपनीला काळजी. बँडने कापायला साफ नकार दिला. ब्रिटनमध्ये ते सलग ९ आठवडे पहिल्या नंबरवर राहिलं.

आम्ही बऱ्हाणपूरची मुलं घरात मराठी, बाजारात हिंदी आणि कॉलेजात इंग्रजी बोलतो. बाहेर गेलो की आमची मराठी शुद्ध नाही, हे ऐकावं लागतं. पण आमच्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे. त्यामुळे असं सरमिसळ गाणं मला परकं वाटत नाही.

स्वतःचं आयुष्य मात्र फ्रेडीने वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलं. लहानपणाबद्दल तो मुलाखतींत फारसं बोलायचा नाही. एड्स झाल्याचं त्याने २३ नोव्हेंबर १९९१ ला जाहीर केलं आणि दुसऱ्याच दिवशी तो गेला. वय अवघं ४५. तेव्हा या आजाराचं नाव घ्यायलाही लोक घाबरायचे, म्हणून त्याने लपवलं याबद्दल मी त्याला बोल लावणार नाही. त्याच डिसेंबरात ते गाणं पुन्हा पहिल्या नंबरवर गेलं आणि त्याची कमाई एड्सच्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या टेरेन्स हिगिन्स ट्रस्टला मिळाली.

पुढच्या वेळी हे गाणं लावलंत, तर मधला ऑपेरा पुढे ढकलू नका. सगळं ऐका.