विश्लेषण : निवडून येऊनही बर्लिनच्या महापौरांना खुर्ची का नाकारली? कोण होते एर्न्स्ट रॉयटर?

२४ जून १९४७. दुसरे महायुद्ध संपून दोन वर्षे झाली होती. बर्लिनच्या नगरसभेने एर्न्स्ट रॉयटर यांना महापौर म्हणून निवडले. पण शहराचा ताबा असलेल्या चार विजेत्या देशांपैकी सोव्हिएत रशियाने ही निवड मान्य केली नाही. या विरोधाचे मूळ ३० वर्षे जुने होते.

रशियाचा राग कशासाठी?

१८८९ मध्ये जन्मलेले रॉयटर पहिल्या महायुद्धात जर्मन सैनिक होते. १९१६ मध्ये ते रशियाच्या कैदेत सापडले. तिथे ते रशियन शिकले आणि क्रांतीनंतर बोल्शेविकांना मिळाले. १९१८ मध्ये व्होल्गा नदीकाठच्या जर्मन वस्त्यांचा कारभार त्यांच्याकडे आला. मायदेशी परतल्यावर ते जर्मन कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस झाले. पण पक्ष मॉस्कोच्या तालावर चालू नये या भूमिकेमुळे १९२२ मध्ये त्यांची हकालपट्टी झाली. त्यांनी पुन्हा सोशल डेमोक्रॅटिक पक्षाची वाट धरली. मॉस्कोने हे कधीच माफ केले नाही.

युद्धापूर्वीचे काम कोणते?

१९२६ मध्ये रॉयटर यांच्याकडे बर्लिनची वाहतूक आली. भुयारी रेल्वे, ट्राम आणि बस तेव्हा तीन वेगळ्या कंपन्या चालवत. त्यांनी एकच तिकीट तिन्हीकडे चालेल अशी व्यवस्था लावली. १९२९ पासून तिन्ही सेवा ‘बीव्हीजी’ या एका संस्थेखाली आल्या.

१९३१ मध्ये ते मॅग्डेबर्गचे महापौर झाले. १९३३ मध्ये नाझींनी त्यांना पदावरून हटवले आणि लिश्टेनबुर्गच्या छळछावणीत दोनदा डांबले. १९३५ मध्ये त्यांनी तुर्कस्तान गाठले. अंकारामध्ये ते नगररचना शिकवू लागले आणि १९४६ च्या अखेरीस जर्मनीत परतले.

नाकेबंदीत काय घडले?

रॉयटर यांना रोखल्यानंतर लुईझे श्रोडर यांनी शहराचा कारभार पाहिला. निवडीला बरोबर एक वर्ष झाले त्या दिवशी, २४ जून १९४८ रोजी, रशियाने पश्चिम बर्लिनचे रस्ते, रेल्वे आणि जलमार्ग बंद केले. २० लाखांहून अधिक लोक अडकले. अन्न आणि कोळसा विमानाने आणायचे ठरले, पण लोक तग धरतील का, ही अमेरिकी लष्करी प्रशासक जनरल क्ले यांची चिंता होती. रॉयटर यांनी तशी हमी दिली. पूर्व भागात नाव नोंदवा आणि शिधा घ्या, हा रशियाचा देकार बहुतेकांनी नाकारला. सप्टेंबरमध्ये रॉयटर यांच्या सभेला सुमारे तीन लाख लोक जमले. मे १९४९ मध्ये नाकेबंदी उठली. या हवाई पुरवठ्यात एकूण सुमारे २ लाख ७८ हजार फेऱ्या झाल्या.

अखेर खुर्ची मिळाली का?

मिळाली, पण अर्ध्या शहराची. नाकेबंदीतच शहराचे प्रशासन दुभंगले आणि डिसेंबर १९४८ मध्ये रॉयटर पश्चिम बर्लिनचे महापौर झाले. ज्यांनी सारे शहर एका तिकिटाने जोडले, त्यांच्याच कारकिर्दीत १९४९ मध्ये बीव्हीजीचेही दोन तुकडे झाले.

२९ सप्टेंबर १९५३ रोजी, पदावर असतानाच त्यांचे निधन झाले. त्या रात्री बर्लिनकरांनी खिडक्यांमध्ये मेणबत्त्या लावल्या. बीव्हीजीचे दोन भाग पुन्हा एक व्हायला १९९२ उजाडावे लागले. आज त्याच बीव्हीजीच्या भुयारी मार्गावरील एका स्थानकाला रॉयटर यांचे नाव आहे.