आठवड्याला पाच शिलिंग

इंग्लंडच्या राज्यघटनेचा अभ्यास करताना १९११ चा पार्लमेंट कायदा मी तोंडपाठ केला होता. उमरावांच्या सभागृहाला अर्थविधेयक एक महिन्याहून अधिक काळ अडवता येत नाही, हे वाक्य लिहिले की दोन गुण हमखास मिळतात, एवढेच माझ्या लेखी त्याचे महत्त्व. त्या वाक्याच्या मुळाशी सत्तरी ओलांडलेल्या गरीब म्हाताऱ्यांचे आठवड्याचे पाच शिलिंग आहेत, हे मला फार उशिरा कळले. ते कळले डेव्हिड लॉइड जॉर्जचे चरित्र वाचताना. म्हणून त्याच्याविषयी हे चार शब्द.

लॉइड जॉर्जचा जन्म १७ जानेवारी १८६३ चा, मँचेस्टरचा. वडील शाळामास्तर. मूल दीड वर्षाचे होते न होते तोच ते न्यूमोनियाने गेले. आईने मुलांना घेऊन वेल्समधल्या लानिस्टमडुइ या खेड्यात भावाचे घर गाठले. हा मामा, रिचर्ड लॉइड, जोडे शिवून पोट भरी आणि रविवारी प्रार्थनामंदिरात बिनपगारी प्रवचन करी. भाच्याला वकील करायचे ठरले, पण परीक्षेला लॅटिन आणि फ्रेंच हवे. शिकवणी ठेवायला पैसे नाहीत. तेव्हा मामाने स्वतःच ती पुस्तके उघडली आणि भाच्याबरोबर तोही त्या भाषा शिकला! हा प्रसंग वाचल्यावर मी पुस्तक खाली ठेवू शकलो नाही.

१८८४ मध्ये डेव्हिड वकील झाला. गावचा जमीनदार आणि सरकारी चर्चचा पाद्री यांच्यापुढे वेल्श शेतकऱ्याला मान खाली घालावी लागे, हे त्याने लहानपणापासून पाहिले होते. एका खाणकामगाराचे दफन त्याच्या पंथाच्या विधीने करू देण्यास पाद्र्याने नकार दिला, तेव्हा हा खटला लॉइड जॉर्जने लढवला आणि १८८८ मध्ये वरच्या न्यायालयात जिंकला. दोनच वर्षांनी, १८९० मध्ये, तो अवघ्या १८ मतांनी पार्लमेंटवर निवडून आला आणि पुढे ५५ वर्षे त्याच मतदारसंघाचा प्रतिनिधी राहिला.

१९०८ मध्ये तो अर्थमंत्री झाला. त्या काळी इंग्लंड जगातील सर्वांत श्रीमंत देशांपैकी एक. पण हातपाय थकलेल्या मजुराला शेवटचा आसरा होता तो अनाथगृहवजा वर्कहाऊसचा. तिथे जाणे म्हणजे अब्रू गमावणे. त्यापेक्षा उपाशी मेलेले बरे, असे मानणारी माणसे कमी नव्हती. आधीचा अर्थमंत्री अॅस्क्विथ याने आखलेले वृद्धवेतनाचे विधेयक लॉइड जॉर्जने पार पाडले. १ जानेवारी १९०९ पासून सत्तर वर्षांवरील गरिबांना आठवड्याला पाच शिलिंगांपर्यंत वेतन पोस्टात मिळू लागले. त्यासाठी कोणी आधी वर्गणी भरलेली नव्हती. पैसा सरकारी तिजोरीतला, म्हणजे करांचा. रक्कम तुटपुंजी होती, वयाची अटही कडक होती. तरी खेड्यातल्या पोस्टात काम केलेल्या फ्लोरा थॉम्पसन या लेखिकेने लिहून ठेवले आहे, की पैसे मोजून देणाऱ्या मुलीसाठी म्हातारी माणसे बागेतली फुले आणि सफरचंदे आणीत. इतका उदार माणूस लॉर्डच असला पाहिजे, अशी काहींची समजूत होती, म्हणून ती त्याला लॉर्ड जॉर्ज म्हणत.

पण पैसा आणायचा कोठून? एकीकडे वृद्धवेतन, दुसरीकडे जर्मनीच्या धास्तीने बांधायच्या प्रचंड युद्धनौका. सुमारे १ कोटी ६० लाख पौंडांची तूट समोर दिसत होती. विरोधी पक्षाचा उपाय परदेशी मालावर जकात बसवण्याचा होता. धान्यावर जकात बसली असती तर पाव महागला असता, म्हणजे ज्याला वेतन द्यायचे त्याच्याच ताटातून ते काढून घेतल्यासारखे झाले असते.

लॉइड जॉर्जने २९ एप्रिल १९०९ रोजी चार तासांहून अधिक वेळ भाषण करून अंदाजपत्रक मांडले. मोठ्या उत्पन्नांवर आणि न कमावता बसल्या जागी मिळणाऱ्या उत्पन्नावर प्राप्तिकर वाढवला. ५००० पौंडांवरील उत्पन्नवाल्यांवर वेगळा जादा कर बसवला. वारसाकर वाढवला. दारू आणि तंबाखूही महाग केली, म्हणजे गरीब अगदीच सुटला नाही; पण लहान मुलांच्या मध्यमवर्गीय बापाला करात सूट दिली. खरी ठिणगी पडली ती जमिनीवरून. शहराच्या कडेच्या पडीक रानाजवळून आगगाडी गेली की मालकाने काडी न हलवता त्याची किंमत अनेक पटींनी चढते. या वाढीतला पाचवा हिस्सा समाजाला द्या, असे त्याचे म्हणणे. त्यासाठी देशभरच्या जमिनीची मोजदाद होणार होती आणि उमरावांना बोचले ते हेच.

दोनशे वर्षांहून अधिक काळ उमरावांच्या सभागृहाने अंदाजपत्रक फेटाळले नव्हते. ३० नोव्हेंबर १९०९ रोजी त्यांनी ते ३५० विरुद्ध ७५ मतांनी फेटाळले. एका वर्षात दोन निवडणुका झाल्या. पहिलीनंतर, एप्रिल १९१० मध्ये, अंदाजपत्रक मंजूर झाले. दुसरीनंतर १९११ मध्ये पार्लमेंट कायदा आला. माझे दोन गुणांचे वाक्य ते हेच! त्याच वर्षी आरोग्यविम्याचा कायदा झाला. आठवड्याला कामगाराचे चार पेन्स, मालकाचे तीन, सरकारचे दोन. आणि आजारपणात डॉक्टर, औषध आणि काही रोख आधार. डॉक्टरांच्या संघटनेने कडवा विरोध केला, पण १९१३ च्या आरंभी डॉक्टर कामावर रुजू झाले.

डिसेंबर १९१६ मध्ये लॉइड जॉर्ज पंतप्रधान झाला. ते पाहायला म्हातारा मामा जिवंत होता. दोनच महिन्यांनी तो गेला. इथवर वाचताना माझे मन भरून आले होते. पुढची पाने मात्र मला अवघड गेली. जालियनवाला बाग घडली तेव्हा इंग्लंडचा पंतप्रधान हाच होता. आयर्लंडवर दंडेली झाली ती याच्याच कारकिर्दीत. पैसे घेऊन किताब वाटल्याचा डाग त्याला लागला. ब्रिटिश सनदी अधिकाऱ्यांवाचून हिंदुस्थानचे कधी चालणार नाही, अशा आशयाचे भाषण त्याने १९२२ मध्ये केले. वेल्शच्या खेड्यातला अन्याय ज्याला दिसला त्याला अमृतसरचा का दिसू नये? हा प्रश्न मी आमच्या सरांना विचारला. चरित्र वाचायचे ते आरती ओवाळण्यासाठी नव्हे, एवढेच ते म्हणाले.

ज्या जमीन-करांवरून एवढे रण माजले, ते करही १९२० मध्ये, त्याच्याच पंतप्रधानपदाच्या काळात, रद्द झाले. मोजदादीचा खर्च वसुलीहून जड झाला होता. मोठ्या उत्पन्नावरचा जादा कर आणि वारसाकर मात्र टिकले, आणि वृद्धवेतनही टिकले. १९४८ मध्ये अन्यूरिन बेव्हन या दुसऱ्या वेल्श माणसाने सर्वांसाठी मोफत वैद्यकीय सेवा सुरू केली. तिचाही मुख्य आधार सर्वसाधारण करांचाच. मला यातून उमगले ते असे, की म्हाताऱ्याला वेतन द्यावे याला तोंडाने विरोध करणारे थोडे असतात. भांडण लागते ते पैसे कोणी भरायचे यावर. ते भांडण जो टाळतो त्याचे वेतन कागदावरच राहते. लॉइड जॉर्जने ते टाळले नाही.

१९४५ च्या फेब्रुवारीत उमरावांशी भांडलेला हा माणूस स्वतः उमराव झाला. पोस्टातल्या म्हाताऱ्यांनी दिलेली पदवी अखेर खरी ठरली म्हणायची! पण त्या सभागृहात जाऊन बसणे त्याच्या नशिबी नव्हते. २६ मार्च १९४५ रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी, तो वारला. मामाच्या त्याच गावात, नदीकाठी, एका मोठ्या शिळेपाशी त्याला पुरले आहे.